सत्तावीस घरांचा प्रील्यूड

शनिवार, १ जानेवारी १९४४

आजअखेर स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू. (दुरुस्त्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर वही पुरणार नाही.)

चर्चची बाकं, अकरा. एक डुगडुगतं, पण ती जमिनीची चूक.
घड्याळाचे काटे, पितळी, चार जोड.
उंदरांचे सापळे, तीन जातींचे. तिसऱ्या जातीत अजून उंदीर सापडलेला नाही. उंदीर कमी झाले असावेत.
रंगनाथ गाडीवानाचा लाकडी पाय, डावा. तक्रार आलेली नाही. रंगनाथही आलेला नाही.
चर्चच्या दाराची बिजागरी, बिनआवाजाची.
शवपेट्या सात. पैकी लहान दोन. त्या घरच्या.
ऑर्गन एक. मिशननं मोडका म्हणून टाकून दिलेला. आतलं सगळं माझं, बाहेरचं लाकूड तेवढं मिशनचं.
इंग्रजी नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, वाचण्याची विद्या. ही वस्तू नव्हे, पण कुणी शिकवली नाही म्हणून हातची धरतो.

शिक्षण मराठी चौथी. धंदा घड्याळं, कंदील, शिवणयंत्रं यांची दुरुस्ती. वय एक्कावन्न. गुरू कोणी नाही.

नव्या वर्षाचा संकल्प एकच. ईस्टरला, म्हणजे ९ एप्रिलला, उपासनेआधी इंग्लिश प्रील्यूड संपूर्ण वाजवायचा. नगर जिल्ह्यात हे कुणी केलेलं नाही. लष्करी कॅम्पातल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये होत असेल, पण कॅम्प जिल्ह्यात धरत नाही.

रविवार, २ जानेवारी

प्रील्यूडची नोंद करून ठेवतो.

मिशनच्या मडमसाहेब विलायतेला परत गेल्या तेव्हा मला एक पुस्तक देऊन गेल्या. लहान लहान इंग्लिश प्रील्यूड, ऑर्गनचे. संगीतकाराचं नाव वाळवीनं खाल्लं, 'लंडन' एवढं उरलं. लंडन पुरे आहे. पाचवा प्रील्यूड सगळ्यांत लहान. सत्तावीस घरं. (दोन उभ्या रेघांमधल्या जागेला इंग्रजीत बार म्हणतात. मी घर म्हणतो. भिंती आहेत, आत वस्ती आहे.) एका घरात चार मात्रा, मिनिटाला चाळीस मात्रा. एकूण वेळ दोन मिनिटं बेचाळीस सेकंद.

स्वभाव: सावकाश, हलका, अंगावर न येणारा. पहिल्या घरात एक आवाज एकटाच निघतो. तिसऱ्या घरात दुसरा त्याच्या मागून तीच वाट चालतो, पाचव्यात तिसरा. कोणी कोणाला ढकलत नाही. उडी नाही, तान नाही. तेविसाव्या घरात खालचा जाड स्वर पाय रोवून उभा राहतो तो शेवटपर्यंत हलत नाही, आणि वरचे तिघे पायरी पायरीनं उतरून त्याच्यापाशी येतात. संपला तरी संपला हे लगेच समजत नाही.

मला जमेल तेवढा बायकोला, लिडियाला, वाजवून दाखवला. कसा वाटतो विचारलं. म्हणाली, तान्हं निजलंय आणि आई भांडी आवरतेय, आवाज होऊ न देता. मी म्हणालो, संगीतात भांडी नसतात. म्हणाली, बरं, नसतील.

गुरुवार, ६ जानेवारी

खालच्या जाड स्वरांसाठी विलायतेत पायानं दाबायच्या पट्ट्या असतात. त्या सात केल्या, सागाच्या. त्यांना सात चौकोनी लाकडी नळ्या. सर्वांत मोठी माझ्या खांद्याला लागते. पट्ट्या सुरेख चालतात.

अडचण: आजवर ऑर्गनला वारा मी पायांनीच भरत होतो. आता पाय वाजवणार. मग वारा कोण भरणार? हा प्रश्न सातवी पट्टी बसवल्यावर सुचला. मोठ्या कामात असं होतं.

शनिवार, ८ जानेवारी

प्रश्न सुटला. भागूबाई लोहारणीचा नवरा दिवाळीत वारला, भट्टी बंद आहे, भाता पडून होता. एका कंदिलाच्या बदल्यात घेतला. ऑर्गनच्या डाव्या अंगाला बसवला, मध्ये पत्र्याची नळी. भाता लिडिया मारेल. लिडिया नियमित आहे. सव्वीस वर्षांत माझा चहा चार मिनिटं इकडेतिकडे झालेला नाही.

भागूबाई स्वतः दाखवायला आली. लिडियाला म्हणाली, बाई, हातानं न्हाई वो, कमरंनं. हात लई लौकर मरत्यात. लिडिया हसली. म्हणाली, घड्याळजीच्या घरात नांदून म्हातारपणी लोहारीण झाले. दोघी बराच वेळ हसत होत्या. कामात हसणं मला चालत नाही, पण पहिला दिवस म्हणून बोललो नाही.

भागूबाई जाता जाता रविवारच्या भात्याबद्दल काहीतरी सुचवत होती. नको म्हणालो. चर्चचा वारा घरच्या माणसाच्या हातचा असावा. शिवाय तिची तंबाखू.

सोमवार, १० जानेवारी

मोठ्या नळीचा पहिला स्वर काढला. शेजारच्या गोठ्यातून सूर्यभानच्या म्हशीनं उत्तर दिलं. सूर्यभान काठी घेऊन पळत आला. म्हणाला, शांतवनदादा, रेडा कुन्या अंगानं गेला?

नळी पाऊण इंच कापली. म्हैस आता बोलत नाही.

रविवार, १६ जानेवारी

वाऱ्याचं गणित: मिनिटाला भात्याचे चोवीस दाब. संपूर्ण प्रील्यूडला पासष्ट. लिडियाला भिंतीवर खडूनं रेघा काढून दिल्या. तिनं विचारलं, मोजू की ऐकू? मी म्हणालो, मोज. ऐकणं माझं काम.

एक दोष सापडला. हलक्या जागी, विशेषतः तिसऱ्या घरात, बारीक शिट्टी येते. सू, मग थांबून पुन्हा सू. भात्याच्या कातड्याला कुठेतरी भोक आहे. अशा गोष्टी सामान्य माणसाला ऐकू येत नाहीत.

रविवार, २३ जानेवारी

पाळक अब्राहामराव घरी आले होते. प्रील्यूड ऐकवला, पंधरा घरांपर्यंत. त्यांनी विचारलं, शांतवनराव, ह्यात शब्द कुठं येतात? म्हणालो, येत नाहीत. म्हणाले, मग मंडळीनं करायचं काय? म्हणालो, ऐकायचं. म्हणाले, नुसतं? मग म्हणाले, ईस्टरला पाहू.

'पाहू' म्हणजे परवानगी. नोंद केली.

भात्याला दोन ठिगळं लावली, मेण आणि तिळाचं तेल. शिट्टी तशीच.

रविवार, ६ फेब्रुवारी

पहिली चाचणी चर्चमध्ये. ऑर्गन बैलगाडीतून नेला-आणला. (गाडी रंगनाथची. पाय चांगला चाललाय म्हणाला. खुंटीला टांगलाय.)

लोक आले, बसले. मी सुरू केलं. चौथ्या घरात राहीबाईनं मोठ्यांदा विचारलं, पाळकसाहेब अजून न्हाई आले व्हय? सहाव्यात कोणीतरी उठून उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले, मग कशासाठी उभे राहिलो म्हणून एकमेकांकडे बघत बसले. नवव्या घरात योहाननं झांज लावली. योहान म्हणजे माझा भाचा, भजनाचा पुढारी. मागून तबलाही आला. दहाव्या घरापासून प्रील्यूड दिसेनासा झाला.

उपासनेनंतर योहान म्हणाला, मामा, तुमी अडकला असं वाटलं म्हून हात दिला.

 संकल्प: योहानशी ईस्टरपर्यंत बोलायचं नाही.

लिडिया परत येताना तीनदा थांबली. विचारलं तर म्हणाली, शेतं बघतेय. शेतात काही नव्हतं. कापून नेलेली ज्वारी.

शनिवार, १२ फेब्रुवारी

लिडियाच्या चपलांचे पट्टे आखडलेत, तिच्या पायांवर वळ उठलेत. लढाईच्या दिवसांतलं कातडं, दुसरं काय होणार. स्वतः सैल करून दिले. सोमवारी केले होते, आज पुन्हा करावे लागले. असलं आखडणारं कातडं मी पाहिलेलं नाही.

सतराव्या घरात वारा लटपटतो. झडप उघडून पाहिली. झडप निर्दोष.

गुरुवार, १७ फेब्रुवारी. सायंकाळी ५

मोठा दिवस.

कॅम्पातले पाद्रीसाहेब सोनईच्या रस्त्यानं जात होते. त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं, कोणीतरी माझ्याकडे पाठवलं. घड्याळ अकरा मिनिटांत चालू केलं. त्यांची नजर ऑर्गनकडे गेली. विचारलं, हे कोणी केलं? म्हणालो, आय सर. पहिली अकरा घरं वाजवली, लिडिया भात्यावर. साहेबांनी टोपी काढली. त्यांच्या चर्चचा ऑर्गन वाळवीनं खाल्ला आहे, लढाईमुळे विलायतेहून येत नाही. म्हणाले, हा मला द्या. चारशे रुपये.

चारशे.

म्हणालो, नो सर, थँक यू सर.

साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. मग ते लिडियाकडे बघत काहीतरी म्हणाले, तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी ऐकलं. तुमच्या पत्नीला बरं नाही का, असं विचारत होते. गोऱ्या लोकांना आपल्या बायका नेहमी आजारी वाटतात. म्हणालो, शी इज व्हेरी रेग्युलर.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

रोझी आली. आमची मुलगी, नगरला इस्पितळात नर्सचं शिकते. दारातून आत आली, आईकडे पाहिलं, पिशवी खाली न ठेवता म्हणाली, आई, तू आरशात बघत नाहीस का गं? मग माझ्याकडे वळून, बाबा, तुम्ही तिच्याकडे बघत नाही का हो?

मी तिला चारशेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, मग विका ना. मी म्हणालो, तू अजून लहान आहेस.

उद्याच्या मोटारीनं आईला नगरला दाखवायला नेते म्हणाली. नेऊ दे. भात्याला ठिगळ लावायला मला निवांत वेळ मिळेल.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

लिडिया परत आली. हृदय अशक्त झालंय म्हणे. रोझीनं डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत उतरवून दिली आहे. चार कलमं:

दळण नाही.
पाणी शेंदणं नाही.
डोक्यावर ओझं नाही.
जिना चढणं नाही.

चिठ्ठी घड्याळाखाली चिकटवली. मी कायदा पाळणारा माणूस आहे. अर्धवट काही करत नाही. आजपासून दळण शेजारच्या साळूबाईकडे. पाणी मी स्वतः आणणार. आमच्या घराला जिना नाही.

चिठ्ठीत भात्याचं नाव नाही. दोनदा वाचली.

रविवार, २७ फेब्रुवारी

विहिरीवर गेलो. आडावरच्या बायकांपैकी एक म्हणाली, मास्तर, घागरीत पानी भरत्यात, गानं न्हाई. हसल्या. हसोत. आठ खेपा. घागर खांद्यावर कशी तोलायची याचं गणित तिसऱ्या खेपेला सुटलं. चौथ्या खेपेला पडलो.

लिडिया दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, एवढं पाणी कशाला हो, दोन माणसं आपण. तिचे डोळे भरले होते. धूर फार आहे घरात. धुराडं करायचं मनात आहे, ईस्टरनंतर.

रविवार, ५ मार्च

विलायतेत वारा भरणारा माणूस मंडळीला दिसत नाही. मी पडदा केला. लाकडी चौकट, खादीचं कापड, गडद निळा रंग. चर्चमध्ये लावून पाहिला. लिडिया पूर्ण झाकली जाते, भातासुद्धा. फक्त संगीत उरतं.

लिडियानं विचारलं, आतून मला तुम्ही दिसणार नाही, मग थांबायचं कधी ते कसं कळणार? म्हणालो, पासष्ट मोजून झाले की थांबायचं.

पडदा यादीत धरला.

रविवार, १२ मार्च

रोझी पुन्हा आली. भांडण. ती आईला नगरला घेऊन जायला आली होती, विश्रांतीसाठी, ईस्टरपर्यंत तिथंच ठेवणार म्हणे. मी चिठ्ठी दाखवली. चारही कलमं कशी पाळतो ते सांगितलं, पाण्याच्या खेपांसकट. रोझी म्हणाली, बाबा, डॉक्टरांना काय माहीत घरात लोहाराचा भाता आहे!

मी म्हणालो, माहीत नसलेल्याची मनाई कशी होईल?

ती रडली. मग लिडिया बोलली. ती सहसा बोलत नाही. म्हणाली, रोझे, एवढं एक गाणं पुरं होऊ दे. शेवटचा स्वर मी धरते, ह्यांच्या हातात काय आहे त्यातलं? ईस्टर झाला की येते तुझ्याकडे, म्हणशील तितके दिवस.

शेवटचा स्वर माझ्या उजव्या पायाखाली असतो, हे तिला समजावून सांगायला हवं. आज नको. एकूण बोलणं माझ्या बाजूचं होतं.

गुरुवार, १६ मार्च

शिट्टी वाढली. आता तिसऱ्या घरात नव्हे, पहिल्या घरापासून. सू, सू, मध्ये एक घरघर. भात्यावर आता मूळ कातडं कमी आणि माझी ठिगळं जास्त. मेण संपलं. चर्चच्या मेणबत्त्या वितळवल्या (तीन, परत करायच्या). कान लावून इंच इंच शोधलं. भाता बंद असताना शिट्टी नाही. मी स्वतः भाता दाबून पाहिला, तेव्हाही नाही. लिडिया बसली की येते.

निष्कर्ष: तिची दाबण्याची रीत चुकते. कातडं तिरपं ओढलं जात असणार. कमरेनं दाब असं भागूबाईनं सांगितलं होतं, हिनं ऐकलं नसेल.

रविवार, १९ मार्च

लिडियासाठी स्टूल केलं. उंची सतरा इंच. बसून दाबलं की दांड्याच्या रेषेत दाब येतो. (यादीत.)

तरी आज अठ्ठावन्नच दाब. सात कमी. नियमितपणा गेला आहे. मी तिला प्रेमानं सांगितलं. म्हणाली, हो, माझंच चुकलं, पुन्हा वाजवा. पुन्हा वाजवलं. साठ.

दोन्ही वेळा एक पाहिलं. मोजणीत ती चुकते, पण तेविसाव्या घरापासून शेवटपर्यंत वारा अगदी सपाट. तिथं काही चुकत नाही. तिला विचारलं, इथं कसं जमतं? म्हणाली, इथं मोजत नाही.

रविवार, २ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

मुलांनी झावळ्या आणल्या, पडद्याला खोचल्या, रंग खरडला.

पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, पुढच्या रविवारी पहाटेच्या उपासनेआधी शांतवनराव इंग्लिश वाजवणार आहेत. ह्यात शब्द नाहीत. कोणी उभं राहायचं नाही. योहान, झांज नाही. योहान म्हणाला, आनि मामा मधीच अडकला तर? सगळे हसले. लिडियाही हसली. मी पाहिलं. हसताना तिला खोकला आला आणि बराच वेळ राहिला. योहाननं तिला पाणी दिलं.

योहानशी बोलायचं नाही हा संकल्प मी पाळला. पाण्याबद्दल आभार मानायला हवे होते का, यावर विचार केला. संकल्प हा संकल्प.

शनिवार, ८ एप्रिल. दुपारी ३

शेवटची तालीम चर्चमध्ये, रिकाम्या बाकांपुढे. सत्तावीस घरं. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. एक सेकंद मागेपुढे विलायतेतही चालत असावा.

शेवटचा स्वर थांबला. मी विचारलं, कसा झाला? थोड्या वेळानं पडद्यामागून तिचा आवाज आला. भांडी आवरून झाली, म्हणाली.

शिट्टी मात्र सबंध वाजत होती. उद्या मंडळीच्या पायांच्या आवाजात बुडेल. ईस्टरनंतर भाता पुरता उकलायचा आणि ते भोक शोधायचंच.

उद्यासाठी: कोट, पुस्तक, घड्याळ, लिडियासाठी गूळ-पाणी.

रविवार, ९ एप्रिल. पहाटे ४-५०

निघतोय. लिडियानं पांढरं लुगडं नेसलंय. चर्च दोन फर्लांग. गाडी आणू का विचारलं. म्हणाली, चालू या, ईस्टर आहे.

गूळ-पाणी घेतलं.

मंगळवार, ११ एप्रिल

नोंद राहून गेली. क्रमानं लिहितो.

बाकं भरली होती. कोणी उभं राहिलं नाही. झांज नाही. राहीबाईनं काही विचारलं नाही. पहिलं घर, दुसरं घर. शिट्टी होती. दहाव्या घराच्या पुढे ऐकू आली नाही, म्हणजे मी ऐकली नाही. मंडळी खरंच ऐकत होती. एक मूलसुद्धा रडलं नाही. सतरावं घर गेलं, लटपट नाही. तेविसाव्यात मी उजवा पाय टेकवला, खालचा स्वर उभा राहिला. वरचे उतरू लागले. चोविसावं. पंचविसावं.

पंचविसाव्या घराच्या शेवटच्या मात्रेला वारा गेला.

हळू गेला. तुटला नाही. आवाज बारीक होत होत नाहीसा झाला, आणि मंडळीला वाटलं की प्रील्यूड असाच संपतो.

मी बोटं उचलली नाहीत. पुस्तकात दोन घरं शिल्लक होती. सव्विसावं आणि सत्ताविसावं मुक्या पट्ट्यांवर वाजवलं, आठ मात्रा, बारा सेकंद. मनात म्हणत होतो, पाच दाब कमी पडले, एवढं सांगूनही मोजलं नाही. रागावलो होतो. हे लिहिणं भाग आहे.

मग योहाननं भजन सुरू केलं. मी पडद्याकडे पाहिलं नाही, कारण रागावलो होतो. दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्याला पाळकसाहेबांना पडद्याखालून लुगड्याचा पदर बाहेर आलेला दिसला.

स्टूल पडलं नव्हतं. ती भात्यावर डोकं टेकून होती. हात दांड्यावर.

रोझी नगरहून दुपारी पोचली.  माझ्याकडे बघितलं तेवढं.

माती काल. लोक पुष्कळ. भागूबाई आली होती, कुंपणाबाहेर उभी होती.

यादीत भर: शवपेटी, आठवी. लांबी पाच फूट दोन इंच. आणखी एक मोठी नळी करायला राखलेल्या सागाच्या फळ्या. खिळा एकही नाही, सगळ्या खाचा. घाई असूनही सांधा कुठे दिसत नाही.

शनिवार, १५ एप्रिल

पाणी रोज आठ खेपा आणतो. दोन पुरतील.

डॉक्टरांची चिठ्ठी अजून घड्याळाखाली आहे. चारही कलमं पाळली गेली. कोणीही येऊन तपासावं.

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, मंडळीत सगळे विचारतात, ते इंग्लिश पुन्हा कधी? राहीबाई म्हणते, हलकं वाटलं. योहान म्हणतो, मामा कुठंच अडकला न्हाई. मी म्हणालो, शेवटची दोन घरं राहिली. पाळकसाहेब म्हणाले, शांतवनराव, आता ते जाऊ द्या.

ऑर्गन परत घरी आणलाय. पाद्रीसाहेबांना देणार नाही. आता तर मुळीच नाही. चारशे रुपये नाकारणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

वारा का गेला ते शोधायला हवं. भात्याला भोक होतं. तीन महिने सांगत होतो, भोक आहे. ते मोठं झालं असेल आणि तिला सबंध वेळ दुप्पट दाबावं लागलं असेल. कातड्याचाच दोष. सापडलं की रोझीला लिहून कळवतो.

शनिवार, २२ एप्रिल

भागूबाई आली. ओट्यावर बसली. मीच म्हणालो, भागूबाई, भाता एकदा मारून दाखवा, मला भोक शोधायचं आहे. तिनं तंबाखू थुंकली, तोंड धुतलं, पदर खोचला. स्टूल बाजूला सारलं. उभी राहिली.

मी मेणबत्ती घेऊन कातड्याभोवती फिरलो. तिनं वीस-पंचवीस दाब दिले. ज्योत कुठे हलली नाही. ती म्हणाली, मास्तर, भाता घट हाय. माझ्या नवऱ्याचं काम हाय ते, तुमी उगा ठिगळं लावली.

मग म्हणाली, वाजवा की.

मी बसलो. पुस्तक उघडलं नाही. पहिलं घर, दुसरं, तिसरं. हलकं वाजवलं, हलक्यात हलकं. शिट्टी येईल म्हणून कान देऊन होतो. पाचवं, नववं. सतरावं. आली नाही. तेविसाव्यात पाय टेकवला. खालचा स्वर उभा राहिला आणि उभाच राहिला. सत्तावीस घरं संपली तरी मी पाय उचलला नाही. भागूबाईही थांबली नाही. किती वेळ ते मोजलं नाही.

शिट्टी नव्हती. भात्यातून ती कधीच येत नव्हती.

भागूबाई कपाळ पुसत म्हणाली, लई हळू गानं हाय. घरात कुनी निजल्यावानी.

मी बरं म्हणालो. ती निघाली. दारात थांबून म्हणाली, मास्तर, म्या तवाच म्हनले व्हते.

म्हणाली होती. ८ जानेवारीला, ह्याच दारात. मी वहीत 'काहीतरी सुचवत होती' असं लिहिलं आहे. काय ते मला नीट आठवतं. म्हणाली, बाईंना न्हाई झेपायचं, ईस्टरपस्तोर म्या येते भाता मारायला, तालमीला बी अन् रविवारला बी. मी नको म्हणालो.

दर खेपेला दोन आणे मागत होती.